कुरतडलेले पान आणि फाटलेले पान यांतला फरक झाडाला कसा कळतो?

पर्णिका (प्रश्न)

वनस्पतींविषयीच्या लेखांमध्ये असे विधान वारंवार वाचायला मिळते की, अळीने पान कुरतडायला सुरुवात करताच झाडाला ते कळते आणि ते आपल्या संरक्षणाच्या तयारीला लागते. विधान आकर्षक आहे, परंतु झाडाच्या आत प्रत्यक्ष काय घडते हे त्या लेखांतून फारसे स्पष्ट होत नाही. पान वाऱ्याने फाटते, गारांनी त्याला भोके पडतात, माणूस ते खुडतो आणि अळीही ते खाते. प्रत्येक वेळी पेशी तुटतात आणि आतला रस बाहेर येतो. मग यांपैकी शेवटचा प्रसंग वेगळा आहे, हे झाड कशावरून ओळखते?

दुसरे असे की, झाडाला मज्जातंतू नाहीत आणि रक्ताभिसरणही नाही. तरीही एका पानावर हल्ला झाला असता दूरची, पूर्ण शाबूत असलेली पानेसुद्धा बदलतात, असे सांगितले जाते. हा निरोप कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जातो? शिवाय झाडे शेजारच्या झाडांना सावध करतात असे जे लिहिले जाते, त्यातले किती प्रयोगाने सिद्ध झाले आहे आणि किती केवळ लोकांना आवडलेली कल्पना आहे, हेही मला समजून घ्यायचे आहे. माझे शिक्षण या विषयातले नाही. तरीही रसायनांची नावे आली तर अडचण नाही. नेमकेपणा गमावून सोपे केलेले उत्तर मात्र नको.

मृद्गंध

आपली पहिली शंका या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे, म्हणून तिच्यावरच थोडे सविस्तर लिहितो.

झाड दोन प्रकारच्या खुणा वाचते. पहिली खूण म्हणजे त्याच्या स्वतःच्या मोडतोडीचे तुकडे. पेशी शाबूत असताना काही पदार्थ तिच्या आतच असतात, आणि ते पेशीबाहेर आढळले याचा अर्थ पेशी फुटली एवढाच होऊ शकतो. ऊर्जेची देवघेव करणारा एटीपी हा रेणू, पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे तुटलेले धागे आणि काही छोटी प्रथिने यांचा यात समावेश होतो. शेजारच्या शाबूत पेशींच्या पृष्ठभागावर हे रेणू ओळखणारी ग्राही प्रथिने असतात, आणि रेणू त्यांना चिकटला की पेशीच्या आत पुढची साखळी सुरू होते. टोमॅटोमध्ये सिस्टेमिन नावाचा अवघ्या १८ अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो २०० अमिनो आम्लांच्या एका मोठ्या प्रथिनातून सुटा होतो आणि अत्यल्प प्रमाणातही पानाला संरक्षणाच्या कामाला लावतो. १९९१ मध्ये क्लॅरेन्स रायन यांच्या प्रयोगशाळेने तो शोधून काढला, तेव्हा वनस्पतींमध्ये प्रथिनाचा तुकडा संदेशवाहक म्हणून काम करू शकतो, ही गोष्टच नवी होती.

परंतु या पहिल्या खुणेवरून केवळ इजा झाल्याचे कळते. ती कोणी केली हे कळत नाही. त्यासाठी दुसरी खूण लागते आणि ती कीटकाकडून येते. अळी पान खाते तेव्हा तिच्या तोंडातील स्राव जखमेवर लागतो. १९९७ मध्ये एका लष्करी अळीच्या अशा स्रावातून व्होलिसिटिन नावाचा पदार्थ वेगळा करण्यात आला. मक्याच्या रोपाला नुसते ओरखडले असता जे घडत नाही, ते त्या ओरखड्यावर या पदार्थाचा सूक्ष्म अंश लावला असता घडते: रोप विशिष्ट गंधद्रव्ये हवेत सोडू लागते आणि त्या गंधाच्या मागावर परोपजीवी गांधीलमाश्या येतात. या माश्या अळीच्या शरीरात अंडी घालतात व त्यांची पिल्ले अळीला आतून खातात. व्होलिसिटिनची जडणघडण मला विशेष विचार करायला लावते. त्यातले मेदाम्ल मूळचे मक्याच्या पानातले असते, तर त्याला जोडलेले ग्लुटामाइन अळीकडचे. म्हणजे अळीने पान खाल्ले, त्यातील मेदाम्लाला स्वतःचे अमिनो आम्ल जोडले आणि तोच जोडरेणू पुढच्या घासाबरोबर पानाकडे परत आला.

चवळीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तिच्या हरितलवकांमध्ये एटीपी तयार करणारे एक प्रथिन असते. अळीच्या आतड्यात ते पचताना त्याचे तुकडे होतात आणि त्यांतला ११ अमिनो आम्लांचा एक तुकडा, ज्याला इन्सेप्टिन म्हणतात, अळीच्या स्रावातून पुन्हा पानावर येतो. पानाच्या दृष्टीने हा आपल्याच प्रथिनाचा तुकडा असतो, पण ज्या ठिकाणी तो कापला गेला आहे तिथे तो पचनमार्गाशिवाय सहसा कापला जात नाही. गार पडून किंवा वाऱ्याने फाटून तो तयार होत नाही. हा शोध २००६ चा आहे आणि इन्सेप्टिन ओळखणारे ग्राही प्रथिन २०२० मध्ये सापडले. ते चवळी व घेवड्यासारख्या मोजक्या शेंगावर्गीय वनस्पतींमध्येच आढळते. मात्र त्याचे जनुक तंबाखूच्या झाडात घातले असता तंबाखूही या तुकड्याला प्रतिसाद देऊ लागते. आपल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर देता येणार नाही: फरक ओळखण्यासाठी झाडाला ग्राही प्रथिन लागते, ज्याच्याकडे ते आहे त्याला फरक कळतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला कळत नाही.

अनेकदा कुरतडणे सुरू होण्याआधीच झाडाला चाहूल लागलेली असते, कारण फुलपाखरे व पतंग आधी पानावर अंडी घालतात. काळ्या मोहरीच्या काही रोपांमध्ये पांढऱ्या फुलपाखराच्या अंड्याखालचा पानाचा भाग मरून वाळतो, आणि त्यावरचे अंडेही सुकून जाते किंवा गळून पडते. वाटाण्याच्या काही वाणांमध्ये शेंगेवर भुंगेऱ्याने अंडे घातले की त्याखालच्या पेशी वेगाने वाढून उंचवटा तयार होतो, अंडे वर उचलले जाते आणि बाहेर पडलेल्या अळीला शेंगेत शिरणे अवघड होते. अळी अजून जन्मलेलीही नसताना ही तयारी झालेली असते.

सहस्रपर्ण

मृद्गंध यांचे विवेचन उत्तम आहे. मात्र ते वाचून असा समज होऊ शकेल की, स्रावातील रसायनांशिवाय झाडाला अळी ओळखताच येत नाही. तसे सरसकट म्हणता येणार नाही. २००५ मध्ये संशोधकांनी एक यांत्रिक अळी तयार केली, जी पानाला ठरावीक अंतराने छोटे छोटे छेद देत पुढे सरकत असे. तिला ना लाळ होती, ना आतडे. एकदाच कात्रीने कापलेल्या पानापेक्षा या यंत्राने तासन्‌तास छेदलेल्या लिमा घेवड्याच्या पानांनी सोडलेले गंध खऱ्या अळीने खाल्लेल्या पानांच्या गंधांशी बरेच मिळतेजुळते होते. म्हणजे इजेची लय आणि तिचा कालावधी हीदेखील एक खूण आहे. गारांचा मारा काही मिनिटांत थांबतो. अळी मात्र घासामागून घास घेत राहते.

स्पर्शाविषयीचा २०१४ चा एक प्रयोगही इथे सांगण्यासारखा आहे. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराची अळी पान चावताना पानात जी अतिसूक्ष्म कंपने उठतात, ती संशोधकांनी नोंदवून घेतली आणि अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपांच्या पानांना पुन्हा दिली. पुढे या रोपांवर खऱ्या अळ्या सोडल्या असता रोपांमध्ये तिखट संरक्षक द्रव्ये अधिक प्रमाणात आढळली. वाऱ्याची किंवा एका तुडतुड्याच्या गाण्याची कंपने दिलेल्या रोपांमध्ये ही वाढ दिसली नाही. ‘झाडे ऐकतात’ अशा मथळ्यांनी या प्रयोगाचा विपर्यास केला गेला. त्यात हवेतून येणाऱ्या आवाजाचा काहीही संबंध नव्हता. पानाच्या पृष्ठभागावरून पसरणारे कंपन एवढाच त्याचा विषय होता.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. दूरच्या पानांपर्यंत निरोप जातो हे पक्के ठाऊक झाल्याला अर्धशतक उलटून गेले आहे. १९७२ मध्ये रायन आणि त्यांचे सहकारी ग्रीन यांनी दाखवले की, कोलोरॅडो भुंगेऱ्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान खाल्ले असता काही तासांत न खाल्लेल्या पानांमध्येही प्रथिने पचवणाऱ्या विकरांना रोखणारे पदार्थ साठू लागतात. कीटकाने असे पान खाल्ले की त्याच्या आतड्यातील ट्रिप्सिनसारखी विकरे निष्प्रभ होतात आणि पोट भरूनही त्याचे पोषण नीट होत नाही. परंतु हा निरोप नेतो कोण, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नव्हते आणि पुढची कित्येक वर्षे त्यावर वाद चालू राहिला.

आज असे दिसते की, वेगवेगळ्या वेगाचे अनेक निरोप एकाच वेळी निघतात. सर्वांत वेगवान निरोप विद्युत आणि कॅल्शियमचा असतो. २०१८ मध्ये टोयोटा आणि गिलरॉय यांच्या गटाने कॅल्शियम वाढले की चमकणारे प्रथिन असलेली अराबिडॉप्सिसची रोपे तयार केली आणि पान कापल्यावर काय होते याचे चित्रीकरण केले. जखमेपासून निघालेली प्रकाशाची लाट पानाच्या शिरांतून सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने सरकते आणि एकदोन मिनिटांत दुसऱ्या पानांत पोहोचते. ही लाट सुरू करणारा पदार्थ ग्लुटामेट आहे. फुटलेल्या पेशींमधून तो बाहेर येतो आणि त्याला ओळखणारी जी प्रथिने शिरांमध्ये असतात, ती प्राण्यांच्या मेंदूतील ग्लुटामेट-ग्राहींच्या कुळातली आहेत. यावरून झाडाला मज्जासंस्था असते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हे कुळ फार प्राचीन आहे आणि दोन्ही सृष्टींनी ते आपापल्या कामाला लावले, एवढाच त्याचा अर्थ. या कुळातील दोन जनुके निकामी केली असता लाट दूरच्या पानापर्यंत पोहोचत नाही आणि तिथला संरक्षक प्रतिसादही मंदावतो. २०१३ मध्ये फार्मर यांच्या गटाने विद्युत मोजणी करून याच जनुकांकडे बोट दाखवले होते. दोन वेगळ्या पद्धतींनी मिळालेली उत्तरे जुळत असल्यामुळे या निष्कर्षावर माझा विश्वास आहे.

लाट पोहोचल्यावर त्या पानात जॅस्मोनिक आम्ल तयार होऊ लागते. हरितलवकाच्या पटलातील लिनोलेनिक आम्लापासून त्याची सुरुवात होते आणि शेवटी त्याला आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल जोडले गेले की ते कार्यक्षम होते. एरवी संरक्षणाच्या जनुकांवर जॅझ नावाच्या प्रथिनांचा अटकाव असतो. जॅस्मोनेटचा हा जोडरेणू आला की ही प्रथिने नष्ट केली जातात, अटकाव उठतो आणि शेकडो जनुके एकदम कामाला लागतात. २००७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच सुमारास जॅझ प्रथिने शोधली. ही व्यवस्था मला या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी बाब वाटते, कारण त्यात संरक्षण नव्याने उभारावे लागत नाही. ते तयारच असते आणि फक्त त्यावरचा अटकाव काढायचा असतो.

पर्णिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इन्सेप्टिनचे उदाहरण वाचून पहिल्या शंकेचे पूर्ण समाधान झाले. त्यातून दोन नवे प्रश्न मात्र निर्माण झाले. मावा किंवा पांढरी माशी पान कुरतडत नाहीत, सोंड खुपसून रस शोषतात. तिथे पेशी फारशा फुटतच नसतील, तर झाडाला त्यांचा सुगावा कसा लागतो? आणि कीटक इतकी वर्षे झाडे खात आले आहेत, तर त्यांनी या व्यवस्थेवर काही उपाय शोधला नसेल का?

किरमिजी

आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण या व्यवस्थेला चकवण्यात रस शोषणारे कीटकच सर्वांत तरबेज आहेत.

माव्याची सोंड केसाहून बारीक असते आणि ती पेशींना फोडत न जाता बहुतांशी त्यांच्या मधल्या फटींतून वाट काढत अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकेपर्यंत पोहोचते. त्यामुळे मोडतोडीचे तुकडे फारच कमी सुटतात. तरीही नलिकेला भोक पडले की तिथे कॅल्शियम आत शिरते, आणि शेंगावर्गीय झाडांमध्ये कॅल्शियम वाढताच नलिकेतील काही प्रथिने फुगून तिचा मार्ग बंद करतात. हा बंदोबस्त पुरेसा ठरला असता, परंतु माव्याच्या लाळेत कॅल्शियमला पकडून ठेवणारी प्रथिने असतात. ती सतत सोडत राहून मावा बंद झालेली वाट पुन्हा खुली करतो. रसशोषक कीटकांच्या बाबतीत झाड अनेकदा जॅस्मोनिक आम्लाऐवजी सॅलिसिलिक आम्लाची वाट धरते, जी मुख्यतः जिवाणू व बुरशीजन्य रोगांविरुद्ध वापरली जाते. या दोन वाटा बऱ्याच वेळा एकमेकींना दाबतात. झाडाच्या या मर्यादेचा फायदा पांढरी माशी घेते. तिचा प्रादुर्भाव झालेली टोमॅटोची रोपे जे गंध सोडतात, त्यांमुळे शेजारच्या रोपांमध्ये सॅलिसिलिक आम्लाची वाट जागी होते, जॅस्मोनिक आम्लाची दबली जाते आणि पुढे त्या शेजारच्या रोपांवर पांढरी माशी अधिक चांगली वाढते. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. शेजाऱ्याकडून आलेला निरोप नेहमी शेजाऱ्याच्या हिताचाच असतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

असे असले तरी झाडे या कीटकांपुढे हतबल नाहीत. टोमॅटोच्या रानटी नातलगातून आलेले एमआय-१ हे एकच जनुक मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, मावा आणि पांढरी माशी अशा तीन अगदी भिन्न शत्रूंविरुद्ध उपयोगी पडते. भातावरील तपकिरी तुडतुड्याविरुद्धही अनेक प्रतिकारक जनुके सापडली आहेत आणि वाणसुधारणेत ती वापरली जातात. अडचण अशी की, एकाच जनुकावर विसंबलेला वाण सर्वदूर लावला गेला की त्याला न जुमानणारे तुडतुडे काही हंगामांत वाढतात.

पान खाणाऱ्या अळ्यांनीही उपाय शोधले आहेत. टोमॅटो, मका व कपाशीवर येणाऱ्या एका बोंडअळीच्या लाळेत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते. त्यामुळे तंबाखूच्या पानात निकोटिन जितके वाढायला हवे तितके वाढत नाही, असे २००२ मध्ये दाखवले गेले. म्हणजे ज्या लाळेवरून झाड अळीला ओळखते, तीच लाळ झाडाला गप्पही करू शकते. मोहरीवर्गातील झाडांचे तिखट संरक्षण सर्वांना ठाऊक आहे: ग्लुकोसिनोलेट हे द्रव्य आणि त्याला फोडणारे विकर वेगवेगळ्या पेशींत ठेवलेले असते, आणि पान चावताच दोन्ही एकत्र येऊन झोंबणारी द्रव्ये तयार होतात. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मात्र आतड्यातील एका विकराने ग्लुकोसिनोलेटचा सल्फेट गट आधीच काढून टाकते, त्यामुळे ते तिखट रूप धारण करूच शकत नाही. पुढे मोठा झालेला मादी पतंग अंडी घालण्यासाठी योग्य झाड ओळखताना याच द्रव्यांचा खूण म्हणून उपयोग करतो. जे द्रव्य इतर कीटकांना दूर ठेवते, तेच या एका कीटकाला बोलावून आणते. म्हणूनच ‘कीटकांना नको असलेले झाड’ असा सर्वसामान्य उल्लेख कुठे वाचला, तर तो कोणत्या कीटकांबद्दल आहे हे विचारायला हवे.

अश्वत्थ

शेजारच्या झाडांना सावध करण्याविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. त्यावर लिहितो, कारण या बाबतीत दोन्ही टोकांची मते फार आत्मविश्वासाने मांडली जातात.

सुरुवात १९८३ मध्ये झाली. त्या वर्षी बाल्डविन आणि शुल्ट्झ यांनी पॉपलर आणि शुगर मेपलच्या कोवळ्या रोपांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: काही रोपांची पाने फाडली असता, त्याच बंदिस्त हवेत असलेल्या पण स्पर्शही न झालेल्या रोपांमध्ये संरक्षक द्रव्ये वाढली. त्याच वर्षी रोड्स यांनी विलोच्या झाडांबाबत असेच निरीक्षण मांडले. वृत्तपत्रांनी ‘बोलणारी झाडे’ म्हणून त्याला अमाप प्रसिद्धी दिली, आणि लगेच टीकाही झाली. टीका रास्त होती. प्रयोगांची पुनरावृत्ती पुरेशी नव्हती आणि रोड्स यांच्या निरीक्षणाचे कारण अळ्यांमध्ये पसरलेला रोगही असू शकला असता. त्यानंतर काही वर्षे या विषयाला हात लावायला संशोधक कचरत होते.

नंतरचा पुरावा मात्र भक्कम आहे. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश या झुडपाच्या फांद्या टोमॅटोच्या रोपांसोबत बंद पेटीत ठेवल्या, आणि केवळ त्या फांद्यांतून निघणाऱ्या मिथिल जॅस्मोनेटच्या वाफेमुळे टोमॅटोच्या पानांत विकररोधक द्रव्ये साठली. रिचर्ड कार्बन यांनी पुढे उघड्या रानात, खऱ्या वाऱ्यात दाखवले की, कापलेल्या सेजब्रशच्या शेजारी उगवलेल्या रानटी तंबाखूला कीटकांचा उपद्रव कमी होतो. परंतु अंतराकडे लक्ष द्यावे: सेजब्रशचा परिणाम साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच ठळकपणे दिसला. एवढे अंतर पाहता हवेतला निरोप मुळात शेजाऱ्यासाठी नसून झाडाच्या स्वतःच्याच दुसऱ्या फांदीसाठी असावा, असे मानायला जागा आहे. एकाच झाडाच्या दोन फांद्या शिरांनी थेट जोडलेल्या नसतात, पण हवेत त्या शेजारी शेजारी असू शकतात. लिमा घेवड्याच्या वेलीवरील प्रयोगांनी याच तर्काला बळ दिले आहे. शेजारचे झाड तो निरोप वाचते हे खरे, पण तो त्याला उद्देशून पाठवलेला आहे असे म्हणायला पुरावा अपुरा आहे. ‘सावध करणे’ या शब्दांत हेतू गृहीत धरला जातो, म्हणून मी ते टाळतो.

गंधाचा दुसरा उपयोग, म्हणजे भक्षकांना बोलावणे, याबाबत मला शंका उरलेली नाही. लिमा घेवड्यावर पान खाणारे सूक्ष्म कोळी (माइट) आले की त्याच्या गंधावर भक्षक कोळी येतात, हे १९८० च्या दशकातच नेदरलँड्समध्ये दाखवले गेले. २००१ मध्ये केसलर आणि बाल्डविन यांनी मोकळ्या रानातील तंबाखूवर हेच तपासले: गंधांमुळे भक्षक ढेकूण अधिक आले, पतंगांनी अंडी कमी घातली, आणि दोन्ही मिळून झाड खाणाऱ्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक कमी होऊ शकते असा त्यांचा हिशेब आहे. जमिनीखालीही हे घडते. मक्याची मुळे भुंगेऱ्याच्या अळीने खाल्ली असता कॅरिओफायलिन नावाचे द्रव्य सोडतात आणि ते मातीतून पसरून अळीला मारणाऱ्या सूत्रकृमींना तिथे आणते. मक्याच्या काही वाणांमध्ये पैदाशीच्या ओघात हा गुण हरवला आहे. अधिक उत्पादनासाठी निवड करताना जे नकळत गमावले गेले, त्याचा हिशेब फार कमी ठिकाणी ठेवला गेला, याची मला मनापासून खंत वाटते.

पर्णिका

अंतराचा मुद्दा कुठल्याच लोकप्रिय लेखात वाचला नव्हता, त्यामुळे फार उपयोग झाला. एकच प्रश्न उरतो. इतकी प्रभावी व्यवस्था असताना झाडे ती कायम चालू का ठेवत नाहीत? हल्ला होईपर्यंत थांबण्यात पहिले काही घास गमवावेच लागतात.

मृद्गंध

कारण संरक्षणाची किंमत मोजावी लागते आणि ती प्रत्यक्ष मोजली गेली आहे. निकोटिनचेच उदाहरण घ्या. त्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दोन अणू असतात, आणि नत्र हा झाडासाठी बहुतेक वेळा सर्वांत दुर्मीळ घटक असतो. तंबाखूमध्ये निकोटिन पानात तयार होत नाही. पानावर हल्ला झाला की निरोप मुळांपर्यंत जातो, तिथे ते तयार होते आणि वर पाठवले जाते. त्यात खर्च झालेले नत्र बी तयार करायला उरत नाही. जॅस्मोनेटची वाट चालू असताना वाढही मंदावते, हे अनेक वनस्पतींमध्ये दिसून आले आहे.

शिवाय सर्वच शत्रूंसाठी एकच शस्त्र उपयोगी नसते. तंबाखूवर वाढणाऱ्या एका मोठ्या पतंगाची अळी निकोटिन सहज सहन करते. रानटी तंबाखू तिच्या स्रावातील मेदाम्ल व अमिनो आम्ल यांच्या जोडरेणूंवरून तिला ओळखते, निकोटिनची वाढ आवरती घेते आणि त्याऐवजी भक्षकांना बोलावणारे गंध वाढवते. कायम चालू असलेल्या संरक्षणात असा बदल करायला वाव राहत नाही. ज्या झाडांमध्ये जॅस्मोनेट तयार होण्याची वाट मुद्दाम बंद केली, त्यांची रानातली अवस्था मात्र बिकट झाली: नेहमीच्या कीटकांनी ती अधिक खाल्लीच, शिवाय ज्या तुडतुड्यांचा एरवी या तंबाखूवर वावर नसतो, तेही येऊन तिच्यावर स्थिरावले.

पहिले घास गमावण्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. परंतु अळी पहिल्या घासाने झाड संपवत नाही. ती अनेक दिवस खात राहते आणि वयाच्या शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक खाते. सुरुवातीच्या एकदोन दिवसांत तिची वाढ रोखली, तर पुढचे मोठे नुकसान टळते. टोमॅटोवरील २०१७ च्या एका प्रयोगात तर मिथिल जॅस्मोनेट फवारलेल्या रोपांवरील अळ्यांनी पाने सोडून लवकरच एकमेकींनाच खायला सुरुवात केली आणि रोपांचे नुकसान कमी झाले.

किमतीचा थेट हिशेब बाल्डविन यांनी १९९८ मध्ये मांडला. त्यांनी रानटी तंबाखूच्या काही झाडांमध्ये मिथिल जॅस्मोनेट देऊन संरक्षण कृत्रिमरीत्या सुरू केले आणि शेवटी झाडांना किती बी धरले हे मोजले. जिथे कीटक आले, तिथे संरक्षण सुरू केलेल्या झाडांना इतरांपेक्षा अधिक बी धरले. जिथे कीटक आलेच नाहीत, तिथे त्याच झाडांना इतरांपेक्षा कमी बी धरले.